हवेचा काटा आणि बर्फाखालचे मासे

अलिबाग-रेवदंड्याकडच्या आपल्या मंडळींना मासळी किती प्रिय, हे वाचकांना सांगावयास नको. खवले आणि पर पाहून मासा निवडावयाचा, हे आपण घरीच शिकलो. मासा केव्हा मिळेल हे मात्र कोळ्यांना ठाऊक. ते वारा पाहत, उधाण-भांग पाहत, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत.

इंग्लंडात आल्यावर हा हिशेब बदलला. येथील नद्यांत रोच, पाईक वगैरे मासे गळाने धरण्यास १५ मार्च ते १५ जून बंदी असते. म्हणजे हिवाळा हा हंगामाचाच भाग. आमच्या शेजारचे वृद्ध इंग्रज गृहस्थ थंडीतही गळ घेऊन निघतात. निघण्यापूर्वी दिवाणखान्यातील बॅरोमीटरच्या काचेवर टिचकी मारतात. काटा उतरू लागला की स्वारी खूश! पकडलेला मासा ते पुन्हा पाण्यात सोडतात, ही गोष्ट आमच्या घरात अजून कोणाला पटलेली नाही.

माशाला हवेचा दाब खरोखर कळतो काय? साधा हिशेब करून पाहावा. एक मिलिबार दाब म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर पाण्याचा भार. मोठ्या वादळात दाब ४० मिलिबारने उतरला, तरी हातभर खाली जाऊन मासा तेवढा फरक सहज भरून काढील. तेव्हा माशाला काट्यापेक्षा त्यामागून येणारी हवा अधिक जाणवत असावी. दाब उतरला की येथे बहुधा नैऋत्येचा उबदार वारा आणि ढग येतात. पाण्याचा गारठा थोडा कमी होतो, आणि थंडीने मंदावलेला मासा आमिषाकडे वळतो. माशाचे रक्त पाण्याइतकेच गार; म्हणून कडक थंडीत आपल्या रोहूच्या कुळातला कार्प जवळजवळ खाणेच सोडतो.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. ते तळाशी बसते, बर्फ वर तरंगतो, आणि त्या छपराखाली मासे जगतात. कॅनडा-फिनलंडमध्ये लोक अशा बर्फाला भोक पाडून मासे धरतात. तेथे थंडी महिनोन्‌महिने टिकते आणि बर्फ चांगला जाड होतो. आपल्या या देशात १९६२-६३ सारखा हिवाळा क्वचित. येथला बर्फ रात्रीत धरतो आणि उन्हात सुटतो.

आणि येथेच बॅरोमीटर फसवतो. हिवाळ्यात दाब चढला की आकाश निरभ्र, वारा पडलेला. रात्री जमिनीची ऊब निघून जाते आणि तळी गोठतात. काटा मात्र ‘फेअर’वर! अॅडमिरल फिट्झरॉय यांनी १८५९ साली ‘रॉयल चार्टर’ जहाज बुडाल्यानंतर, १८६१ पासून वादळाचे इशारे सुरू केले आणि मासेमारीच्या बंदरांत बॅरोमीटर बसविले. तबकडीवरच्या शब्दांपेक्षा काट्याचा चढ-उतार पाहा, हेच तेही सांगत.

असल्याच लख्ख उन्हाच्या दिवशी मुलांना गोठलेल्या तळ्याचा मोह पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये सॉलिहल येथे बर्फ फुटून चार बालके दगावली. आपली नातवंडे येथेच वाढत आहेत. कोकणात भरतीची भीती घालीत, तशी येथे बर्फाची घालावी. कोणी बुडाल्यास मागोमाग बर्फावर धावू नये. ९९९ ला फोन करावा, काठावरूनच दोरी किंवा लांब मफलर फेकावा, आणि बुडणाऱ्याला बर्फावर आडवे होऊन पाय मारीत सरकावयास ओरडून सांगावे.

मासे बर्फाखाली खुशाल राहतील. आपण काठावर राहावे, आणि शुक्रवारच्या जेवणाची मासळी बाजारातून आणावी.