भोपाळच्या तलावावर गळ टाकताना

‘तालों में ताल भोपाल का ताल, बाकी सब तलैया’ ही म्हण भोपाळच्या मराठी मुलांना बाराखडीच्या आधी पाठ होते. पाहुणे आले की आपण त्यांना व्हीआयपी रोडवर नेतो, राजा भोजाचा पुतळा दाखवतो, बोट क्लबवर भाजलेलं कणीस खाऊ घालतो आणि घरी आणतो. तलाव बघून झाला, असं पाहुणे म्हणतात आणि आपणही म्हणतो. पण तलाव ओळखायचा असेल तर काठावर दोन-तीन तास गप्प बसावं लागतं. गप्प बसायला गळाच्या काठीसारखं दुसरं निमित्त नाही.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच मुलांना हल्ली हा नाद लागला आहे. मोबाइलवर अमेरिकेतले बास पकडण्याचे व्हिडिओ बघायचे आणि तसलंच साहित्य घरबसल्या मागवायचं. खोकं येतं, रंगीत रबरी किडे येतात, बोटाएवढे जाड गळ येतात. मासा मात्र येत नाही. कारण सोपं आहे. साहित्य बासचं आहे आणि तलाव भोपाळचा.

आधी तलावाविषयी थोडं. मोठा तलाव राजा भोजाने अकराव्या शतकात कोलांस नदीला बांध घालून केला, असं मानतात. २०११ मध्ये त्याला ‘भोजताल’ हे नाव अधिकृतपणे मिळालं. त्याच्या शेजारचा छोटा तलाव १७९४ चा, नवाबी काळातला. हे दोन्ही तलाव मिळून झालेली ‘भोज पाणथळ’ २००२ मध्ये रामसर यादीत गेली. तिचं क्षेत्रफळ सुमारे ३,२०० हेक्टर आहे. शहराच्या मोठ्या भागाच्या नळाला येणारं पाणी याच मोठ्या तलावाचं. म्हणजे आपण ज्यात गळ टाकतो, तेच पाणी आपण पितोही.

गळाने मासे धरण्याचा छंद साहेबाने आणला, असा एक समज आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. मराठी बायका कांडताना ओव्या गातात, हा जुना उल्लेख ज्या ग्रंथात सापडतो, तोच हा ग्रंथ. त्यात ‘मत्स्यविनोद’ असा वेगळा भागच आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला काय खायला आवडतं, त्याला आधी चारा घालून कसं सवयीचं करायचं आणि मग काठी, दोरी, गळ लावून कसं धरायचं, हे सगळं त्यात आलं आहे. गंमत म्हणजे या सोमेश्वराच्या आजोबांनी, पहिल्या सोमेश्वराने, भोजाच्या धारानगरीवर स्वारी केली होती. आजोबा तलवार घेऊन माळव्यात आले आणि नातू गळ घेऊन पाण्याकाठी बसला!

मानसोल्लासातलं सूत्र आजही लागू आहे: आधी मासा ओळखा, मग गळ निवडा. बास हा मोठ्या जबड्याचा शिकारी मासा आहे, तो झडप घालतो. आपल्या तलावांत प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे आणि तोंड खाली वळलेलं, तो मधल्या थरात चरतो. मृगळ तळाशी. एका तळ्यात हे तिघं सुखाने राहतात, कारण तिघांची पानं वेगवेगळ्या पंगतीत मांडलेली असतात. मासेपालनवाले तिघांना एकत्र सोडतात ते याचसाठी. गळ कोणत्या खोलीवर ठेवायचा, याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

मग बासच्या व्हिडिओंतून शिकण्यासारखं काहीच नाही का? आहे. त्यातला ‘फिनेस’ हा प्रकार आपल्या कामाचा आहे. फिनेस म्हणजे नाजूक हाताची मासेमारी: बारीक दोरी, लहान गळ, हलकं वजन, लवचिक काठी. स्वच्छ पाण्यात आणि ज्यांच्यावर रोज गळ पडतात अशा शहाण्या माशांसाठी ती निघाली. पावसाळ्यानंतर पाणी निवळलं की आपल्याकडचा रोहूही तसाच शहाणा होतो.

आता गळांचे नंबर. ते उलटे चालतात. १० नंबरचा गळ लहान, ६ चा त्याहून मोठा, २ चा आणखी मोठा. १ नंतर मात्र १/०, २/०, ३/० असे सुलटे वाढत जातात. कणकेच्या गोळीवर किंवा गांडुळावर येणाऱ्या रोहूला मी ६ ते १० नंबरमधला गळ लावतो, कटल्याला ४ किंवा २. मरळ हा खरा शिकारी, त्याला १/० च्या पुढचा चालतो. गळाच्या वाकणातली मोकळी जागा आमिषाच्या जाडीपेक्षा जास्त हवी. गोळीने ती जागा भरून टाकली तर टोक माशाच्या ओठापर्यंत पोचतच नाही.

नंबरइतकीच महत्त्वाची गळाच्या तारेची जाडी. जाड तारेचा गळ ओठात रुतवायला जोरात हिसका द्यावा लागतो आणि हिसका दिला की बारीक दोरी तुटते. म्हणून बारीक दोरीला बारीक तारेचाच गळ, आणि तो धारदार. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून बघा. अडकलं तर ठीक, घसरलं तर गळ बदला. मासा लागल्यावर क्रिकेटच्या बॅटसारखी काठी फिरवू नका. दोरी ताणली जाईल इतकीच काठी उचला, बाकीचं काम मासा करतो.

तंगूस तीन-चार किलोचा भार पेलणारा पुरे. मग पाच किलोचा कटला कसा येईल? तो येतो रिळाच्या ड्रॅगमुळे. दोरी तुटण्याच्या ताणाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर रीळ सुटायला लागेल असा ड्रॅग लावायचा. विमानाच्या बॅगा तोलायचा हातकाटा घरात असतोच. दोरी त्याला बांधून ओढा. चार किलोच्या दोरीला एक किलोच्या आसपास रीळ सुटलं पाहिजे. मासा पळाला की दोरी द्यायची, थांबला की घ्यायची. घाई केली की दोघांतलं एक नक्की तुटतं, दोरी किंवा ओठ.

तळाशी गाळ आणि पाणवनस्पती असतील तर बासवाल्यांची ‘ड्रॉप शॉट’ बांधणी करून बघा. शिसं दोरीच्या टोकाला आणि गळ त्याच्या वीतभर वर. शिसं गाळात बसतं, आमिष वर मोकळं राहतं.

कुठे बसायचं? वनविहार हे राष्ट्रीय उद्यान आहे, त्याच्या हद्दीत गळाचं नाव नको. मोठा तलाव असो, केरवा असो की विदिशेच्या बाजूचं हलाली धरण, मासेमारीचा हक्क कुणाकडे आहे हे आधी विचारा आणि परवानगी घ्या. त्या पाण्यावर कोळी कुटुंबांची चूल पेटते, आपण तिथे हौसेने आलेले पाहुणे आहोत. कलियासोत-केरवाच्या बाजूला वाघांचा वावर आहे आणि कलियासोतमध्ये मगरीही आहेत. तिथे एकट्याने जाऊ नये, अंधार पडायच्या आत घरी यावं. आणि १६ जून ते १५ ऑगस्ट काठी माळ्यावर ठेवावी. हा माशांच्या विणीचा काळ आहे, मध्य प्रदेशात या दिवसांत मासेमारीला बंदी असते. हिवाळ्यातली कोवळ्या उन्हाची सकाळ आपल्याला पुष्कळ आहे.

नाजूक साहित्याची खरी किंमत मासा सोडताना कळते. आपल्या मंडळात अर्धी घरं मासे खाणारी, अर्धी न खाणारी. पण छंद दोघांनाही करता येतो. पकडीने गळाच्या टोकामागचा उलटा काटा दाबून सपाट करा. तसा गळ चटकन निघतो, जखमही लहान राहते. दोरीवरचा ताण ढिला पडू दिला नाही तर मासा निसटतही नाही. हात ओले करून मासा धरा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. तापल्या दगडावर ठेवून फोटो काढत बसू नका.

महसीरच्या बाबतीत तर हे पाळायलाच हवं. २०११ मध्ये मध्य प्रदेशाने नर्मदेतल्या महसीरला राज्यमासा ठरवलं, जसं महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला. महसीरला वाहतं, स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. नर्मदेवर धरणं झाली, पाणी थबकलं आणि तो कमी होत गेला. महाडजवळच्या वाळण कोंडीत लोक या माशांना देवाचे मासे म्हणून चुरमुरे घालतात, गळ कुणी टाकत नाही. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास करून बीज ठिकठिकाणी सोडलं जातं. इतक्या हातांनी जपलेला मासा चुकून आपल्या गळाला लागला, तर तो पाण्यातच मोकळा करावा.

शेवटची गोष्ट तंगुसाची. तुटलेली दोरी काठावर फेकू नका. नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही आणि तलावावर येणाऱ्या सारस, बगळे, बदकांच्या पायांत अडकतं. खिशात एक रिकामी डबी ठेवा. आपली तुटलेली दोरी त्यात घाला, दुसऱ्याची दिसली तर तीही. मासा न मिळालेल्या दिवशीही ही डबी भरून घरी आली, तर तो दिवस वाया गेला असं समजू नका.