बागामोयोची एक वारी

दार-एस-सलामच्या विद्यापीठात शिकत असताना एका शनिवारी आम्ही बागामोयोला गेलो. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, इतकाच बेत. टांझानियाच्या किनाऱ्यावरील हे जुने बंदर. ‘बागामोयो’ म्हणजे हृदय खाली ठेवणे. हस्तिदंताचे ओझे उतरवून हमाल येथे सुटकेचा नि:श्वास टाकी; साखळदंडातील गुलाम येथे आशाच सोडी. नावाचे दोन्ही अर्थ सांगितले जातात.

होली घोस्ट संघाच्या फादरांनी १८६८ साली येथे मिशन उभारले आणि गुलाम मुले मोल देऊन सोडविली. स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा देह फेब्रुवारी १८७४ मध्ये याच मिशनच्या चर्चमध्ये ठेवला होता. आफ्रिकन सोबत्यांनी तो हजार मैलांहून अधिक अंतर वाहून आणला. त्यांतील जेकब वेनराइट हा गुलामीतून सुटलेला तरुण आमच्या नाशिकच्या शरणपुरात, अँग्लिकन मिशनच्या शाळेत शिकला होता. लिव्हिंगस्टन यांचे हृदय दूर चितांबो गावी झाडाखाली पुरले, तेव्हा प्रार्थना त्यानेच वाचली.

अभिमानाने आमची मान ताठ झाली. मग गावातून हिंडताना वाटाड्याने सहज सांगितले, की काफिल्यांना भांडवल पुरविणाऱ्यांत हिंदी व्यापारीही होते. आमची मान खाली गेली. नाशिक आमचे म्हणावे, तर ते व्यापारी परके कसे?

परतीच्या बसपूर्वी चर्चच्या पायरीवर आम्ही ‘आमच्या बापा’ म्हटली. क्षमा मागताना त्यातील ‘आमच्या’ हा शब्द त्या दिवशी प्रथमच जड वाटला.