पुरात बुडालेलं बीएसएचं इंजिन : बोअर वाढवायचा की स्लीव घालायची?

आज उसावर नाही, इंजिनावर लिहितोय. पण ज्यांच्या पाण्याच्या इंजिनानं, पंपानं नाहीतर ट्रॅक्टरनं एकदा तरी पुराचं पाणी प्यायलंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. कामाचं आहे.

आमच्याकडं एक जुनी बीएसए मोटारसायकल आहे, मॉडेल एम-20. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळची बंदुका करणारी इंग्लंडची कंपनी. हे मॉडेल 1937 सालचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. युद्ध संपल्यावर मिलिटरी डिस्पोजलमध्ये त्या विकायला निघाल्या, आणि आजोबांनी त्यातली एक घेतली. पुढं आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यावर डिझेलचा डबा बांधून नदीवरच्या इंजिनाला डिझेल पोचवलं. म्हणजे गाडी शौकाची नव्हती, शेतीच्या कामाचीच होती.

इंजिन एका सिलिंडरचं, 496 सीसी. बोअर 82 मिलिमीटर, स्ट्रोक 94. ताकद 4200 फेऱ्यांवर 13 हॉर्सपॉवर. आता शेजारी आपलं पाण्याचं इंजिन ठेवून बघा. किर्लोस्कर एव्ही-1 चा बोअर 80, स्ट्रोक 110, म्हणजे 553 सीसी, आणि ताकद 1500 फेऱ्यांवर 5 हॉर्सपॉवर. ऐकायला एक 13 आणि एक 5. पण एका फेऱ्याला किती काम होतं याचा हिशोब मांडला तर दोघं जवळपास सारखेच. फरक सगळा फेऱ्यांचा. जुन्या बुलेट 350 चा बोअर 70 असायचा, म्हणजे ही बीएसए पिस्टनच्या मापानं बुलेटपेक्षा आपल्या पाण्याच्या इंजिनाला जवळची. म्हणूनच हे काम मला परकं वाटलं नाही.

ऑगस्ट 2019 च्या पुरात पंचगंगेचं पाणी घरात आलं. जनावरं काढली, माणसं काढली, गाडी राहिली. आठ दिवसांनी परत आलो तर टाकीपर्यंत गाळ. तेव्हा एक गोष्ट केली : किक मारली नाही. प्लग काढला, खालनं तेल-पाणी सोडलं, प्लगच्या भोकातनं डिझेल आणि ऑईल मिसळून ओतलं. पण पाणी आधीच आठ दिवस आत बसलेलं. पिस्टन जाम झाला होता. त्यावर्षी ऊसही गेला, मग गाडीकडं बघायला पैसा कुठला? 2021 च्या पुराआधी तिला ट्रॉलीत घालून वर गावात नेली, एवढंच.

मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक आलं, जशी आहे तशी मागत होतं. भाव भंगाराच्या वर थोडाच. घरात पंपाचं स्टार्टर बदलायचं होतं, पाईपलाईनचा हप्ता होता. पैशाची गरज होतीच. आण्णांचं वय आता 82. ते एवढंच म्हणाले, "विकायची तर विक, पण चालू करून विक. बंद इंजिनाला किंमत नसते." ऊस बिल आल्यावर इंजिन उतरवलं आणि कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं.

उद्यमनगराबद्दल दोन शब्द सांगायलाच पाहिजेत. शेतकऱ्याचं ऑईल इंजिन इथं दुरुस्त होता होता इथंच बनायलाही लागलं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावं तिथं आजही आदरानं घेतली जातात. पुढं फौंड्र्या वाढल्या, शिरोली आणि गोकुळ शिरगावला एमआयडीसी झाली. आज मोठमोठ्या गाड्यांचं कास्टिंग कोल्हापुरातनं जातं. तेव्हा ऐंशी वर्षांच्या इंग्रजी सिलिंडरला हात लावणारा माणूस शोधायला आपल्याला लांब जायला लागत नाही. आमचे मिस्त्री सत्तरीचे. आयुष्यभर पाण्याच्या इंजिनांचे लायनर बसवलेले.

त्यांनी आधी लाकडी ठोकळा ठेवून पिस्टन सोडवला. सिलिंडर धुऊन पुसून टेबलावर ठेवला आणि बोअर गेज घातलं. वर, मध्ये, खाली. आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. सहा मापं कागदावर लिहिली. मूळ बोअर 82. पण गाडी आधी तीनदा बोअर झालेली, 60 थाउपर्यंत (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 83.5 च्या आसपास. खाली माप 83.55, वर 83.80. वरच्या बाजूलाच एवढी झीज का? कारण पिस्टन वर जाऊन थांबतो तिथं उष्णता आणि दाब सगळ्यात जास्त आणि तेल सगळ्यात कमी. त्यात धूळ आली की रिंग म्हणजे कानसच. याशिवाय पुराचं पाणी जिथं थांबलं होतं तिथं गंजाचे खड्डे पडलेले, सर्वांत खोल खड्डा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त.

आता प्रश्न आला. माझा पुतण्या आयटीआय शिकलेला, हुशार पोरगं. तो म्हणाला, "काका, नाहीतरी कापायचंच आहे, तर 85 करूया. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा पिस्टन बसवू. इंजिन मोठं होईल, गाडी पळंल." ऐकायला बरोबर वाटतं. मिस्त्रींनी त्याला झिडकारलं नाही, हिशोब मांडायला सांगितला.

बोअर 85 केला तर 496 चं इंजिन 533 सीसीचं होतं. वाढ साडेसात टक्के. सगळं मनासारखं झालं तरी 13 हॉर्सपॉवरचे 14 होतात. पण मनासारखं होत नाही, कारण हे इंजिन साईड वॉल्व्हचं. वॉल्व्ह हेडमध्ये नसतात, सिलिंडरच्या शेजारी तोंड वर करून उभे असतात. हवा बाजूच्या कप्प्यातनं वर जाते, वळते, मग पिस्टनवर उतरते. पाटाला काटकोनात वळण दिलं की पाणी कसं अडखळतं, तसं. शेवटचा वाफा मोठा केला म्हणून पाटातनं पाणी जास्त येत नाही. इथंही अडचण वळणाची आहे, बोअरची नाही.

दुसरं, परक्या पिस्टनचं वजन वेगळं. आतल्या फ्लायव्हीलचा तोल मूळ पिस्टनच्या वजनावर साधलेला असतो, तो बिघडला की गाडी थरथरणार आणि बिगएंड लवकर जाणार. पिनेपासून माथ्यापर्यंतची उंचीही जुळायला पाहिजे. तिसरं, सिलिंडरची भिंत पातळ होते आणि पुढच्या वेळी कापायला काही उरत नाही. मिस्त्रींचं वाक्य जसंच्या तसं देतो : "बोअर कापता येतो, पेरता येत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं, कारण आपल्या नदीकाठी वरची माती वीटभट्टीला विकलेली रानं मी बघितल्यात. त्या वर्षी पैसा दिसतो. नंतर खत कितीही टाका, ती फूटभर माती काय परत येत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. 2021 मध्ये केंद्राचे विंटेज गाड्यांचे नियम आले. 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात पाहिजे. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. शिवाय अशी नोंदणी झालेली गाडी रॅली, प्रदर्शन अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. नोंदणी करायची की नाही ते पुढचं पुढं. पण आज 85 चा बोअर केला असता तर ती वाट आपल्याच हातानं अवघड केली असती.

मग स्लीव घालायचं ठरलं. पाण्याच्या इंजिनात लायनर बदलतो, त्याच जातीचं काम. फरक एवढाच की बीएसएचा सिलिंडर अखंड बिडाचा, त्याला लायनर नसतो. तो करून घालायला लागतो. सिलिंडर आतनं 86 पर्यंत कापला. बिडाची स्लीव बाहेरनं दोन-तीन थाउ जास्त ठेवून टर्न केली, वर कॉलर ठेवली, म्हणजे ती खाली सरकत नाही. सिलिंडर भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास तापवला, स्लीव फ्रीजरमध्ये गार केली आणि एका दमात आत सोडली. इथं घाई नाही आणि थांबणंही नाही. स्लीव आणि सिलिंडर यांचा सगळीकडं घट्ट स्पर्श झाला पाहिजे. मध्ये हवेची फट राहिली तर उष्णता बाहेरच्या फिन्सपर्यंत पोचत नाही, आणि हवेवर गार होणारं इंजिन तिथंच पकडतं. थंड झाल्यावर आतनं बोअरिंग, मग होनिंग. माप परत मूळ 82, आणि पिस्टनच्या कागदावर दिलेली फट. पुढं किमान दोन बोअर आता शिल्लक आहेत.

स्टँडर्ड पिस्टन इंग्लंडहून मागवला. हे जुनं मॉडेल असलं तरी त्याचे पिस्टन अजून बनतात. रिंगा आधी पिस्टनशिवाय सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांतली फट फिलर गेजनं बघितली. ढोबळ नियम असा : बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाउ. सव्वातीन इंचाच्या बोअरला दहा ते तेरा थाउ. फट कमी राहिली तर रिंग तापून टोकाला टोक भिडतं आणि सिलिंडर ओरबाडतं.

कनेक्टिंग रॉड वरखाली हलवून बघितला. उभा प्ले अजिबात नव्हता, आडवा थोडा असतोच. म्हणून क्रँक उघडला नाही. पण तेलाच्या वाटा मात्र एकूणएक साफ केल्या. पुराचा गाळ तिथं सिमेंटसारखा बसला होता. वॉल्व्ह आणि गाईड नवीन, सीटा घासून लॅपिंग केलं. मॅग्नेटो वेगळ्या कारागिराकडं गुंडाळायला दिला. सगळं मिळून 40 हजारांच्या वर गेले. कमी नाहीत, पण हिशोब लपवून काय उपयोग.

राहिला पेट्रोलचा विषय, आणि इथं आपण ऊसवाले थेट येतो. 2023 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं. कारखान्याला ते फायद्याचं, म्हणजे आपल्यालाही. पण जुन्या इंजिनाला तीन गोष्टी कराव्या लागतात. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. आम्ही मेन जेट एक माप मोठा घातला. जुन्या रबरी नळ्या फुगून चिकट होतात, त्या बदलल्या. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करतो.

पहिल्यांदा चालू झाली तेव्हा आण्णा खुर्ची घेऊन बाजूला बसले होते. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "एक्झॉस्टचं टॅपेट जरा वाजतंय." खरंच वाजत होतं. गॅप परत लावला. विकायचा विषय घरात पुन्हा कुणी काढलेला नाही. स्टार्टर पुढच्या बिलात बघू.

आता आपल्या सगळ्यांच्या कामाचं, थोडक्यात :

1. बुडालेलं इंजिन कधीही किक, हँडल किंवा सेल्फ मारून फिरवू नका. पाणी दबत नाही, रॉड वाकतो. आधी प्लग किंवा नोझल काढा, पाणी सोडा, तेल ओता, मग हातानं सावकाश फिरवा. पाणी उतरल्यावर जितक्या लवकर हे कराल तितका बोअर वाचेल.

2. बोअर करायच्या आधी सहा मापं स्वतःच्या समोर घ्यायला लावा आणि लिहून ठेवा. जेवढ्यात साफ होतं तेवढंच कापा. लायनर बदलता येत असेल तर लायनरच बदला.

3. एअर फिल्टर लावल्याशिवाय इंजिन चालवू नका. उसाच्या ट्रॉल्यांमागं पाणंदीतनं जाताना जी धूळ आपण खातो तीच इंजिन खातं. ट्रॅक्टरच्या ऑईल बाथ फिल्टरमधलं तेल हंगामात वरचेवर बदला.

4. नवीन रिंगांवर पहिले 800 किलोमीटर दमानं चालवा. गाडी उभी ठेवून तासभर आयडलिंग करत बसू नका, रिंगा बसत नाहीत. थोड्या अंतरानं तेल बदला आणि हेडचे बोल्ट परत आवळा.

5. बीएसएसारखी तेलाची टाकी वेगळी असलेली जुनी गाडी बरेच दिवस उभी राहिली तर तेल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये उतरतं. चालू करायच्या आधी ते काढा, नाहीतर धुरानं गल्ली भरते.

कुणाच्या गोठ्यात, माळ्यावर असं जुनं इंजिन पडून असेल, मग ते मोटारसायकलचं असो की पाण्याचं, तर भंगारात घालायच्या आधी एकदा बोअर मोजून घ्या. माप हातात आलं की विकायचं का दुरुस्त करायचं ते ठरवणं सोपं जातं.