सुरतेची फिरती चूल

सुरत म्हटले की महाराष्ट्रातील वाचकास १६६४ व १६७० या सालांतील शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या आठवतात. आम्हां येथील रहिवाशांची सुरत मात्र निराळी आहे. ती उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या वस्त्यांची, यंत्रमागांच्या खडखडाटाची आणि तापीकाठच्या रेल्वेने खानदेशातून पोटापाठी आलेल्या कुटुंबांची सुरत होय. पिढ्या येथे गेल्या तरी या घरांचे पाय यात्रेसाठी शिवशिवतात. कोणी चैत्रात वणीच्या सप्तशृंगीकडे निघते, कोणी आषाढात पंढरीची वाट धरते. अलीकडे त्यात एका मोठ्या यात्रेची भर पडली आहे, ती म्हणजे वाहनाने करावयाची नर्मदा परिक्रमा.

गेल्या चातुर्मासानंतर आमच्या वसाहतीतील बावीस मंडळी या परिक्रमेस निघाली. बहुतेक साठीच्या पुढची. बसण्यासाठी एक लहान बस आणि शिधासामग्रीसाठी मागे एक टेम्पो, असा बेत ठरला. गाडी, मुक्काम, वर्गणी हे सारे दोन बैठकांत आटोपले. पण टेम्पोतील चूल गॅसवर चालवावी की विजेवर, या एका प्रश्नाने चार बैठका खाल्ल्या. तरुण मंडळी विजेच्या बाजूची. बॅटऱ्या बसवू, वर सौर पत्रे लावू, ज्योतच नको म्हणजे धोकाही नको, असे त्यांचे म्हणणे. आमचे आचारी खानदेशचे. ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, भाकरीला आच लागते. काचेवर ती फुगायची नाही."

हा वाद सुरतेत व्हावा यात एक गंमत आहे. गॅस आणि वीज या दोहोंची माहेरघरे आमच्या दोन अंगांना आहेत. पश्चिमेस, तापी जेथे समुद्राला मिळते तेथे हजिरा. अरबी समुद्रातील ज्या वायुक्षेत्रातून येथे वायू येतो त्याचे नाव दक्षिण बसीन. हे बसीन म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली वसई. चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेल्या त्या वसईचे नाव समुद्रातील वायूला मिळाले, आणि तो वायू समुद्रतळातील दोनशेहून अधिक किलोमीटरच्या नळाने सुरतेच्या दारी आला. त्यातील विषारी गंधकवायू हजिऱ्यास काढून टाकतात, आणि स्वयंपाकाचा द्रवरूप गॅसही तेथेच वेगळा करतात.

पूर्वेस उकाई. १९७२ साली पुरे झालेले हे धरण तापीचे पाणी अडवते आणि तेथील जलविद्युत केंद्र सुमारे तीनशे मेगावॅट वीज देऊ शकते. मुलताईस उगम पावलेली, भुसावळवरून सारा खानदेश भिजवीत आलेली तापी येथे चक्रे फिरवते. उकाईच्या खाली काकरापारचे अणुवीज केंद्र आहे. १९९३ पासून तेथे वीज होते आणि २०२३ व २०२४ साली तेथे सातशे मेगावॅटचे दोन नवे संच कामास लागले. म्हणजे वसईच्या नावाचा वायू एकीकडे, खानदेशचे पाणी दुसरीकडे, आणि मध्ये आमची सुरत. घरात दोन्ही सुखाने नांदतात. नळाचा गॅस स्वयंपाकघरात आहे, वीज भिंतीत आहे. परंतु घर सोडले की नळ मागे राहतो आणि तारही मागे राहते. जे सोबत नेता येईल तेच आपले. प्रश्नाचे खरे मर्म येथे आहे.

आम्ही भाषेचे शिक्षक. तथापि बैठकीत भावनेपेक्षा आकडे बोलावेत म्हणून खडू हाती घेतला. दहा लिटर पाणी उकळावयाचे आहे असे समजा. बावीस माणसांचा सकाळचा चहा आणि डाळीचे आधण मिळून एवढे पाणी सहज लागते. साध्या हवेतील पाणी उकळीस आणण्यास पाऊण युनिटाहून अधिक, जवळजवळ ०.८७ युनिट उष्णता लागते. विजेची इंडक्शन शेगडी थोडीच उष्णता वाया घालवते. तिला एक युनिट पुरे. गॅसच्या ज्योतीची सुमारे चाळीस टक्के उष्णता भांड्याच्या कडेने निसटते; तरीही एक किलो गॅसमध्ये पावणेतेरा युनिटांच्या आसपास उष्णता साठलेली असल्याने हे काम एकशे पंधरा ग्रॅम गॅसमध्ये होते. दोन मुठींच्या वजनाचा गॅस!

आता बॅटरी पाहू. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी बारा व्होल्टची असते. तिच्यात पावणेदोन युनिटांच्या आसपास वीज मावते. पण शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उपसली की तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाती आले ०.९ युनिट. पन्नास किलोच्या आसपास वजनाची ती पेटी एका आधणालाही पुरत नाही. शिवाय दोन हजार वॅटची शेगडी बारा व्होल्टवर चालवायची तर पावणेदोनशे अँपिअरच्या घरात प्रवाह खेचला जातो. त्यासाठी मनगटाएवढ्या नव्हे, पण अंगठ्याएवढ्या जाड तारा हव्यात. लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या असतात व अधिक उपसता येतात, हे खरे. पण बावीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक त्यांवर करावयाचा तर त्यांची किंमत आमच्या वर्गणीच्या बाहेरची.

"मुक्कामी धर्मशाळेत प्लग असतोच की," असे एका तरुणाने सुचवले. असतो, पण कोणता? नर्मदाकाठच्या आश्रमांतून बहुधा पाच-सहा अँपिअरचा लहान प्लग असतो. त्यातून सुखरूपपणे तेराशे-चौदाशे वॅट मिळतात. दोन हजार वॅटची शेगडी त्यावर लावणे म्हणजे यजमानाच्या भिंतीतील तारा जाळणे. जो आश्रम निरपेक्षपणे सदावर्त देतो, त्याच्या मीटरवर आपला स्वयंपाक चढवणे हे तर शोभणारेही नव्हे. आणखी एक अडचण आचाऱ्यांनी दाखवली. मंडळाची मोठी पातेली ॲल्युमिनियमची, परात पितळेची. इंडक्शनला लोखंडी तळ लागतो. ही भांडी तिच्यावर तापतच नाहीत.

येथवर पारडे गॅसकडे झुकले. पण मग आमच्या काकूंनी विचारले, "आणि मदुराईला काय झाले होते?" बैठक गप्प झाली. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या एका यात्रेकरूंच्या रेल्वेडब्यात आग लागून नऊ जण गेले. डब्यात लपवून आणलेला गॅस सिलिंडर हे त्याचे कारण होते. रेल्वेत सिलिंडर नेण्यास बंदी आहे, ती उगाच नव्हे. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण. तो हवेच्या दीड ते दोनपट जड असतो. घरच्या नळातील वायू हलका, तो वर जाऊन खिडकीतून निघून जातो. सिलिंडरचा गॅस मात्र पाण्यासारखा खाली उतरतो, टेम्पोच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. त्याला मुद्दाम दिलेला उग्र वासही नाक तेथवर पोचल्याखेरीज कळत नाही.

काकूंच्या प्रश्नामुळेच निर्णय शहाणपणाचा झाला. सिलिंडर प्रवाशांच्या बसमध्ये कदापि नाही. तो फक्त टेम्पोत, उभा, साखळीने बांधलेला. टेम्पोच्या तळाशी दोन झरोके. गाडी चालू असताना शेगडी बंद एवढेच नव्हे, सिलिंडरचा मुख्य कळही बंद. स्वयंपाक नेहमी उतरून, उघड्यावर. रबरी नळी नवी आणि सांध्यांवर रोज साबणाच्या पाण्याची परीक्षा. अमरकंटक हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे, हिवाळ्यात तेथे कडाका पडतो; ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होण्यास कुरकुर करतो, त्यामुळे ज्योत मंदावते. अशा वेळी सिलिंडर शेकोटीजवळ नेण्याचा मोह प्राणघातक आहे, हे सर्वांना बजावून सांगितले.

मग वीज वाया गेली काय? मुळीच नाही. आमच्यातील दोन भगिनी इन्सुलिनवर आहेत. वापरातील कुपी काही आठवडे साध्या हवेत चालते. पण साठ्याला दोन ते आठ अंशांचा गारवा हवा. परदेशी फिरत्या गाड्यांतून शीतकपाटही गॅसच्या ज्योतीवर चालवतात. प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही युक्ती काढली. ती खरोखर विलक्षण. परंतु असे कपाट सपाट जागी उभे लागते आणि त्याला ज्योत सतत लागते. चालत्या गाडीत ज्योत नको हा तर आमचा पहिला नियम. म्हणून बारा व्होल्टची लहान शीतपेटी घेतली. तिला दिवसाला साधारण अर्धा युनिट पुरते आणि गाडी चालू असता तेवढी वीज इंजिनच भरून काढते. जी बॅटरी एका आधणाला अपुरी, तीच औषध, दिवे आणि भ्रमणध्वनी यांना उदंड.

असा हा निवाडा झाला. उष्णता हवी तेथे गॅस, गारवा व उजेड हवा तेथे वीज. सूत्र साधे आहे, पण ते हाती येण्यास आकडे लागले, आचाऱ्यांचा अनुभव लागला आणि काकूंची भीतीही लागली.

परिक्रमेत नर्मदामाईला ओलांडावयाचे नसते. म्हणून हांसोटच्या बाजूस विमलेश्वराजवळून नावेत बसून समुद्रमुखातून पैलतीरी मिठी तलाईस जातात. टेम्पो त्या नावेत येत नाही; तो पुलावरून वळसा घेऊन पुढे भेटतो. त्या दिवशी ना गॅस, ना वीज. भरतीच्या वेळेनुसार नाव सुटते, त्यामुळे किती तास लागतील याचा नेम नाही. आमच्या मंडळींनी आदल्या रात्री दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचे बांधून घेतले होते. इन्सुलिनची पिशवी काकूंच्या मांडीवर, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात होती.

जी मंडळी पुढच्या वर्षी निघतील त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: गाडी ठरवण्यापूर्वी आधण मोजा, प्लग पाहा, सिलिंडर कोठे उभा राहील ते ठरवा, आणि बैठकीत एखादी काकू अवश्य बसवा.