तिसरी रांग

सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःसाठी वाहन निवडण्याचा सराव नसतो. वाहन त्याच्या वाट्याला येते, तो ते वापरतो आणि बदलीच्या हुकुमाबरोबर मागे सोडतो. मध्य प्रदेश शासनाच्या महसूल विभागातील माझ्या सदतीस वर्षांपैकी बरीच वर्षे झाबुआ, धार, बडवानी या भागांत गेली. जीप दिमतीला असे. परंतु तिच्या लॉगबुकात प्रत्येक फेरीपुढे प्रयोजन लिहावे लागे, आणि कुटुंबाला डोंगर दाखवणे हे प्रयोजन त्या रकान्यात बसत नसे. परिणामी मी पाहिलेले घाट, नद्या आणि अरण्ये घरच्यांनी माझ्या तोंडून ऐकली. मुले मोठी झाली, पुण्या-बंगळूरला गेली. २०२१ मध्ये मी निवृत्त झालो तेव्हा या ऐकीव भूगोलाची भरपाई करण्याइतका वेळ आहे, पण फार वेळ नाही, हे ध्यानात आले.

माणसे मोजली तर सात भरली. आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई, दोन नातवंडे आणि शहाऐंशी वर्षांची माझी आई. सातव्या माणसाला, म्हणजे आईला, मोजण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. पंढरपूर असो की पचमढी, निघताना ‘घर राखायला कोणीतरी हवेच’ असे एक वाक्य उच्चारले जाई, आणि ते बहुधा तीच उच्चारत असे. दोन टॅक्स्या करून जाणे शक्य होते. पण मग प्रवास दोन होतात, एक म्हाताऱ्यांचा आणि एक तरुणांचा. सगळ्यांना एकाच छपराखाली घेऊन कच्च्या रस्त्यालाही न डगमगणारे मोठे वाहन हवे होते. नव्या कोऱ्या अशा वाहनाची किंमत पेन्शनरास झेपणारी नव्हती. तेव्हा वापरलेले वाहन घ्यावे असे ठरले, आणि २०२४ च्या पावसाळ्यानंतर शोध सुरू झाला.

चिरंजीवांनी पुण्याहून चार नावांची यादी पाठवली: फॉर्च्युनर, एंडेव्हर, सफारी स्टॉर्म आणि हेक्सा. चारही गाड्या जुन्या जीपप्रमाणे स्वतंत्र पोलादी चेसिसवर बांधलेल्या. अशा बांधणीत इंजिन, चाके आणि धक्के यांचा भार शिडीसारखी चेसिस घेते. वरची बॉडी तिच्यावर बसवलेली असते. खडबडीत वाटेवर ही बांधणी दीर्घकाळ टिकते. २०२१ साली बाजारात आलेली नवी सफारी या बांधणीची नाही, म्हणून ती यादीत नव्हती. चिरंजीवांचे मन एंडेव्हरवर होते. तिच्या चारचाकी चालनाच्या आवृत्तीला ८०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनीने जाहीर केलेली. त्यांच्या डोळ्यांपुढे स्पितीचे ओढे वाहत होते. ती कंपनी मात्र भारतातील उत्पादन थांबवत असल्याचे २०२१ मध्येच जाहीर करून बसलेली. सुट्या भागांची सोय पुण्यात होईलही, छिंदवाड्यात किंवा डिंडोरीत कितपत होईल, हा प्रश्न मी टिपून ठेवला.

माझा मुख्य प्रश्न याहून साधा होता. सातवा माणूस कुठे आणि कसा बसणार? गाडी पाहायला जाणारा माणूस प्रथम स्टिअरिंगमागे बसतो. विक्रेताही तेच आसन पुढे करतो. मी प्रत्येक गाडीत मागच्या दारातून शिरून तिसऱ्या रांगेत बसू लागलो आणि दोन-चार किलोमीटर फिरवून आणण्याची विनंती करू लागलो. विक्रेत्यांना हे चमत्कारिक वाटे. एक जण तर म्हणाला, “अंकलजी, गाडी कौन चलाएगा?” परंतु जे पुढून कळत नाही ते मागून कळते. चेसिसच्या उंचीमुळे अशा गाड्यांत मागची जमीन वर येते. आसन बुटके राहते आणि गुडघे छातीकडे सरकतात. सफारी स्टॉर्मची मागची आसने समोरासमोर, आडवी. गावातल्या गावात ठीक. घाटात मात्र आडवे बसलेल्या मुलांच्या पोटात कालवाकालव ठरलेली. वातानुकूलनाचा झोत मागे पोहोचतो का, तिथे पूर्ण पट्टा आहे का, आणि मधले आसन दुमडून बाहेर पडायला किती वेळ लागतो, एवढे मी वहीत लिहीत गेलो.

जुनी गाडी तपासणे म्हणजे अनोळखी प्रकरणाची फाइल वाचण्यासारखे असते. वरचा कागद सुबक असतो. खरी हकिगत खालच्या पानांत दडलेली असते. मीटरवरचे किलोमीटर मागे फिरवता येतात. पण ब्रेकच्या पायट्याचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि चालकाच्या आसनाची बसलेली कड यांना मागे फिरवता येत नाही. सर्व्हिसच्या नोंदी तारीखवार मागाव्यात; मीटरचा आकडा मध्येच कमी झाला असेल तर तिथेच दिसतो. गाडी पाहायला सकाळी, शक्यतो आगाऊ वेळ न देता जावे आणि आधी बोनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल तर थंड इंजिन सुरू होताना काढणारा धूर आपल्यापासून लपवला गेला असण्याचा संभव असतो. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. थंडीतला नव्हे असा पांढरा धूर टिकून राहिला तर कूलंटची शंका घ्यावी. टायरवर कोरलेले चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक झालेले असते.

पाण्यात बुडालेल्या गाड्यांविषयी विशेष सावध राहावे लागते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्याला पूर आला, तेव्हा छपरापर्यंत पाण्यात गेलेली वाहने आपण सर्वांनीच छायाचित्रांत पाहिली. अशी वाहने धुऊनपुसून दूरच्या गावी विक्रीला येऊ शकतात. आमच्याच शहरात एका विक्रेत्याने अतिशय चकचकीत गाडी दाखवली. किंमत वाजवीहून कमी, आत अत्तराचा दरवळ. माझ्याबरोबर आलेल्या वयस्क मिस्त्रीने काही न बोलता मधल्या आसनाचा सुरक्षा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. आतल्या दोन वितींवर गाळाची रेघ होती. पट्टा त्याने हळूच परत जाऊ दिला आणि आम्ही चहा न घेता उठलो.

हा मिस्त्री प्रत्येक गाडीखाली पाठीवर झोपून जात असे. वेल्डिंगचे ठिगळ, नव्या काळ्या रंगाखालचा गंज, वाकलेला आडवा दांडा या गोष्टी तो बोटाने चाचपून सांगे. इंजिनाबद्दल मी फार विचारू लागलो तेव्हा तो म्हणाला, “साहब, इंजन खुल भी जाता है, बन भी जाता है. चेसिस को कौन बनाएगा?” एवढ्या मोजक्या शब्दांत अभिप्राय देणारा तांत्रिक अधिकारी मला सेवेत क्वचितच भेटला.

कागदांच्या बाबतीत मात्र मला कोणाची मदत लागली नाही. चेसिसवर कोरलेला क्रमांक आणि नोंदणीपुस्तकातला क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. कर्ज फिटले असेल तर त्याची नोंद फॉर्म ३५ ने उतरवलेली हवी. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून, तारखा घालूनच घ्यावेत. कोऱ्या फॉर्मवर सही देणे-घेणे दोघांच्याही हिताचे नाही. ज्याचे नाव नोंदीत आहे त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेले आहे. ग्वाल्हेरकर वाचकांना दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांचा मोह परिचित असेल. तेथे दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, २०२५ मध्ये त्या आदेशात पुन्हा फेरफार झाले. या उलथापालथीत उत्तम गाड्याही कमी दरात निघतात. पण परराज्याचे ना-हरकत पत्र आणि इथला रस्ताकर मिळवून हिशेब केला की स्वस्ताईचा बराच भाग विरघळतो.

राहिला चारचाकी चालनाचा मुद्दा. चिरंजीवांच्या मते त्यावाचून साहसी प्रवास संभवत नव्हता. मला झाबुआतील एक पावसाळा आठवला. आमच्याकडे नद्या-ओढ्यांवर ठेंगणे रपटे असतात; वर पाऊस झाला की त्यांवरून पाणी वाहू लागते. जीपला पुढची चाके जोडणारी दुसरी दांडी होती, मी तरुण होतो आणि पलीकडे पंचनामा खोळंबला होता. आमच्या चालकाने जीप बंद करून किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, “पानी तो शाम तक उतर जाएगा, साहब. हम क्यों उतरें?” आम्ही पाच तास दगडावर बसून मक्याची कणसे खाल्ली. वाहते पाणी दोन फूट असले तरी मोठ्या गाडीलाही उचलून नेऊ शकते. चारी चाकांना ताकद मिळाली म्हणून चाकांखालची जमीन राहतेच असे नाही. मी हे चिरंजीवांना सांगितले. ते थोडे थांबून म्हणाले, “बाबा, मग स्पिती?” कुंझुमची खिंड साडेचार हजार मीटरच्या पुढची आहे. गाडी तिथे जाईल; आईला तिथे नेणे कोणत्याही डॉक्टरला मान्य होणार नाही. स्पितीला तुम्ही चौघे जा, मी म्हणालो, ती वाट तुमच्यासाठी पुष्कळ वर्षे राहील. सातांच्या वाटा आधी. फोनवर काही क्षण कोणी बोलले नाही. मग त्यांनीच विचारले, “आजीला हेक्सात चढता येईल का?”

तोच खरा पेच होता. जी गाडी उंच, तीच आईला अवघड. जी आईला सोपी, ती कच्च्या रस्त्यावर पोट घासणारी. देवासजवळच्या एका शेतकरी गृहस्थांची २०१८ ची हेक्सा आम्हाला मिळाली: मागच्या चाकांवर चालणारी, सातही आसने पुढे तोंड केलेली, ७४,००० किलोमीटर धावलेली आणि प्रत्येक सर्व्हिसची पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली. सव्वाआठ लाखांत व्यवहार झाला. टायरवर आकडे १५१८ होते, म्हणजे गाडीबरोबर आलेले, पाचही बदलले. दाराला आधाराची मूठ होती, बाजूला पायरी बसवून घेतली, आणि जमीन व पायरी यांच्यामधली उंची सुताराकडून करून घेतलेल्या सागवानी पाटाने भागवली. आई पहिल्यांदा चढली तेव्हा नातवाने पाट धरला होता आणि सूनबाईंनी हात. तिने बसल्यावर विचारले, “आता मला उतरवणार कोण?”

नोंदणीच्या पंधरा वर्षांच्या हिशेबाने ही गाडी २०३३ पर्यंत चालेल. तेव्हा मी चौऱ्याहत्तरचा असेन, धाकटी नात सतरा वर्षांची, आणि तिला आमच्याबरोबर येण्यात फारसा रस नसेल. आईचे वय मी त्या हिशेबात मांडले नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही निघालो: पचमढी, तामियाहून दिसणारी पाताळकोटची दरी, पुढे सिवनी, मंडला करीत अमरकंटक. सातही आसने भरली की मागे सामानाला जागा उरत नाही, म्हणून ते टपावर ताडपत्रीखाली बांधले. गाडी चिरंजीवांनी चालवली. त्यांच्या शेजारी, सरकारी जीपमध्ये जी जागा साहेबाची असते तिथे, आई बसली. तिला सर्वांत कमी धक्के आणि सर्वांत मोठी काच हवी होती. मी नातवाबरोबर तिसऱ्या रांगेत होतो. मंडल्याच्या पुढे साल वृक्षांचे अरण्य लागले तेव्हा मागून मला रस्ता दिसत नव्हता, आईचा पांढरा अंबाडा तेवढा दिसत होता, तोही डावीकडून उजवीकडे सारखा वळत होता. जी नदी तिने ओंकारेश्वरी रुंद पाहिली होती, ती नर्मदाकुंडाशी ओंजळभर पाहून ती बराच वेळ गप्प बसली.

परतल्यावर मी सवयीने खर्चाचा तक्ता केला. डिझेल, टोल, मुक्काम, टायर, पायरी, पाट. एक खर्च मात्र कोणत्याच शीर्षाखाली बसेना, तो शेवटी किरकोळमध्ये घातला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी लक्षात आले होते की आमच्या दाराला बाहेरून लावायचे कुलूपच घरात नाही. चाळीस वर्षांत ते कधी लागले नव्हते. राजवाड्याजवळून एक पितळी कुलूप आणले. पहाटे ते आईने स्वतः लावले, दोनदा ओढून पाहिले, आणि त्याची किल्ली प्रवासभर कोणाकडे दिली नाही.