समोधान

जातककथांशीं माझा पहिला परिचय इंग्रजीच्या द्वारें झाला, हें सांगावयास थोडा संकोच वाटतो. कॉवेल यांच्या संपादकत्वाखालीं १८९५ ते १९०७ या काळांत निघालेले सहा खंड आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत होते. त्यांतूनच त्या मीं वाचल्या. इसापावर वाढलेल्या आणि पुढें इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनांत मुरलेल्या माझ्या मनाला त्यांतली एक गोष्ट सारखी खटके. कथा रंगांत येऊन संपते न संपते तोंच भगवान बुद्ध त्या वेळचा अमका म्हणजे देवदत्त, तमका म्हणजे आनंद, आणि तो हत्ती किंवा वानर म्हणजे आपण स्वतःच, असा उलगडा करणार. या जोडणीला पालींत 'समोधान' म्हणतात. कथा ५४७, आणि प्रत्येकीच्या शेवटीं ही हजेरी! नाटक संपल्यावर नटांनीं रंग पुसून प्रेक्षकांपुढें उभें राहावें, तसें मला होई. मुलांना या कथा सांगतांना हें शेपूट मी बेलाशक छाटून टाकीत असें.

कथांचें मधलें अंग मात्र मला प्रथमपासून प्रिय. ससा अतिथीसाठीं अग्नींत उडी घेतो, पण त्यापूर्वीं तीन वेळां अंग झाडतो. आपल्या केसांत एखादा जीव असला तर तो आपल्याबरोबर जळूं नये म्हणून. आत्मत्यागाचें स्तोत्र कोणीही गाईल. अंग झाडणारा ससा ज्याला सुचला त्यानें प्राणी पाहिले होते आणि माणसेंही. इसापाला एवढें थांबावयास सवड नसते. त्याला तात्पर्याची घाई.

गेल्या दिवाळींत धाकटा भाऊ सहकुटुंब आमच्याकडे आला होता. रात्रीं जेवणें आटोपल्यावर माझी नऊ वर्षांची पुतणी गोष्टीसाठीं हटून बसली. ती नुकतीच अजिंठा पाहून आली होती, आणि सतराव्या लेण्यांतला सहा सुळ्यांचा हत्ती तिच्या ध्यानांत राहिला होता. मीं छद्दंताचीच कथा घेतली. फुललेल्या सालवृक्षाला गजराज मस्तकानें धक्का देतो. एका राणीवर फुलें आणि पराग पडतात, वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूस उभ्या असलेल्या धाकटीवर वाळक्या काटक्या आणि तांबड्या मुंग्या. यांत हेतु कसलाच नव्हता. पण धाकटी तें विसरत नाहीं; पुढच्या जन्मीं काशीची राणी होऊन ती त्याच्या सुळ्यांसाठीं व्याध पाठविते. व्याधाला सुळे कापतां येत नाहींत, तेव्हां विषारी बाणानें विद्ध झालेला गजराज करवत स्वतःच्या सोंडेंत घेतो. सुळे समोर येतांच राणीचें हृदय फुटतें.

येथें मी थांबलों.

"मग ती राणी नंतर कोण झाली, काका?" पुतणीनें विचारलें.

"एवढीच गोष्ट," मीं म्हटलें.

"पुढें आहे, अण्णा," भाऊ म्हणाला. "सांगा ना."

त्यानें ही कथा कधीं वाचली, मला ठाऊक नव्हतें. वडील वारले त्या वर्षीं मी बी. ए. झालों होतों आणि हा मॅट्रिक. घरांत पुढें एकालाच शिकवितां येईल एवढी ऐपत उरली होती. तो माझ्याहून हुशार; मीं नोकरी धरावी आणि त्यानें शिकावें, असें आईच्या मनांत होतें. मीं एम्. ए. ला नांव घातलें. तो एका दुकानांत हिशेब लिहूं लागला. या गोष्टीचा उच्चार त्यानें माझ्यासमोर एकदांही केलेला नाहीं.

मीं पुढचें सांगितलें. ती राणी श्रावस्तीस एक तरुण भिक्षुणी झाली होती. बुद्धांचें प्रवचन ऐकत बसलेली असतां हे एके काळीं आपले पति होते, असें तिला आठवलें आणि हर्ष झाला. लगेच आपण काय केलें तेंही आठवलें, आणि भर सभेंत ती मोठ्यानें रडूं लागली. या निमित्तानेंच बुद्धांनीं ही कथा सांगितली. त्या सभेंत अपराधी ऐकत होता. आमच्या ओसरीवर तो सांगत होता, एवढाच फरक. माझा आवाज नीट राहिला नाहीं.

"मग बुद्ध रागावले?"

"नाहीं, त्यांनीं स्मित केलें."

भाऊ पानाला चुना लावीत होता. "झोपा आतां, उशीर झाला," असें तो मुलीला म्हणाला, आणि लावलेला विडा त्यानें माझ्यापुढें केला. मी एरवीं पान खात नाहीं.