येणे बाकीचे पान

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेल्या आमच्या नृसिंहवाडीत दत्तपादुकांच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू पेढे, बासुंदी किंवा कवठाची बर्फी घेतल्यावाचून सहसा परतत नाही, आणि त्याच्या या एका सवयीवर मंदिराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरील कित्येक कुटुंबांचा प्रपंच पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आमचे कुटुंब त्यांपैकीच एक. वडिलांच्या पश्चात दुकानाचा कारभार माझ्याकडे आला तेव्हा वाडीची बासुंदी बंद डब्यांतून पुण्या-मुंबईच्या दुकानांपर्यंत न्यावी असा संकल्प मी केला, राहते घर तारण ठेवून कर्ज काढले, शीतपेट्या आणि डबे बंद करण्याचे यंत्र आणले. आणि काही वर्षांनी एका नियतकालिकात माझ्यावर सचित्र लेख प्रसिद्ध झाला.

लेख सद्भावनेने लिहिलेला होता. त्यात माझी जिद्द होती, वडिलोपार्जित कढई होती, शहरातल्या दुकानांची नावे होती आणि शेवटी तरुणांना संदेशही होता. माहिती घ्यायला आलेल्या गृहस्थांपुढे मी रोजकीर्द आणि खतावणी ठेवली होती. त्यांनी दोन-चार पाने उलटली आणि अत्यंत सौजन्याने वह्या मिटून माझ्याकडे परत दिल्या. माझ्या उद्योगाचा खरा इतिहास मात्र त्याच वह्यांत होता, विशेषतः येणे बाकीच्या पानांवर. त्यांच्यावाचून सांगितलेली हकीकत वाचून शिरोळ-कुरुंदवाडकडचे तरुण माझ्याकडे येऊ लागले, तेव्हा मला जो विषाद वाटला तो येथे नमूद करणे मी कर्तव्य समजतो.

बासुंदीचे अर्थशास्त्र कढईपाशीच समजते. म्हशीचे चांगले सकस दूध रुंद कढईत मंद आचेवर आटवायचे, वर धरलेली साय न मोडता कालथ्याने हलकेच काठाला लावायची, तळ सतत खरवडत राहायचे, कारण क्षणभर हात थांबला तर दूध लागते आणि लागलेल्या दुधाचा वास साखरेने, वेलदोड्याने किंवा जायफळाने झाकत नाही. असे आटवता आटवता दूध निम्म्याहून खाली येते. खव्यापर्यंत न्यायचे तर पाच लिटरांतून जेमतेम किलोभर माल हाती लागतो. इंधन आणि मजुरी जमेस धरली म्हणजे नफ्याचा अंश किती बारीक उरतो ते ध्यानात येईल. शिवाय हा माल नाशवंत. शीतपेटीत ठेवला तरी त्याचे आयुष्य थोड्या दिवसांचे, आणि पुण्याच्या वाटेवर गाडी उन्हात अडकून पडली तर तेवढेही नाही.

यापेक्षाही कठीण गोष्ट मुदतीची. आमच्या जिल्ह्यात दुधाचे बिल दर दहा दिवसांनी चुकते करण्याचा प्रघात आहे. गवळ्याच्या घरची पेंड, वैरण, मुलांची फी हे सर्व त्या बिलावर अवलंबून, त्यामुळे ते थकवणे म्हणजे त्याच्या चुलीत पाणी ओतणे. वाडीतल्या गल्ल्यावर पैसा रोख येतो आणि शनिवारी, पौर्णिमेला, गुरुद्वादशीला तो भरभरून येतो. म्हणून आमच्या वाडवडिलांना या दहा दिवसांची धास्ती कधी वाटली नाही. शहरातला दुकानदार मात्र माल आज घेतो आणि पैसे दीड-दोन महिन्यांनी देतो, न खपलेले डबे परत करतो, आणि तगादा लावला तर फळीवरची जागा दुसऱ्याला देण्याची भाषा बोलतो. म्हणजे विक्री वाढेल तसतशी माझी रोकड आटत गेली. ज्या वर्षी माझे नाव छापून आले त्याच वर्षी मी गवळ्यांकडे सर्वांत अधिक मुदत मागितली, आणि त्यांनी ती दिली म्हणून कढई चुलीवर राहिली. लेखात त्यांचा उल्लेख नाही.

त्या लेखाआधी 2019 चा महापूर येऊन गेला होता. नदीचे पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक दुरून येतात. आम्ही दुकानदारही त्या दक्षिणद्वार सोहळ्याला मनोभावे हात जोडतो आणि त्याच हातांनी माल माळ्यावर चढवू लागतो, कारण पाणी त्याहून वर आले तर कोणत्या पायरीनंतर कोणाचे दुकान याचा हिशेब येथे लहान मुलालाही ठाऊक असतो. त्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हा हिशेब चालला नाही. वीज गेली, माळेही पाण्याखाली गेले, माणसे नावेतून बाहेर काढावी लागली, आणि महामार्ग शिरोलीपाशी पाण्याने बंद झाल्यामुळे जो माल आधी निघाला होता तो वाटेतच नासला. पाणी ओसरल्यावर पंचनामा झाला. भिंत, यंत्र, साखरेची पोती यांची नोंद झाली. परंतु शहरातल्या ज्या दुकानदाराने तुमचा पुरवठा खंडित झाला या सबबीवर मागील थकबाकी अडकवून ठेवली, त्या रकमेला पंचनाम्यात रकाना नव्हता. कर्जाचा हप्ता मात्र लागूच होता. माझ्या पत्नीने आपल्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या. ज्यांच्या गोठ्यांत पाणी शिरले होते अशा गवळ्यांनीही, स्वतःची विवंचना असताना, जुन्या बिलासाठी दिवाळीपर्यंत थांबण्याचे कबूल केले. नियतकालिकातल्या लेखात हा सर्व काळ एका वाक्यात संपला आहे, आणि त्या वाक्याचा कर्ता मी एकटाच आहे.

मोठ्या माणसांच्या चरित्रांचेही आपण असेच करतो. 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात आणि नांगर दीर्घकाळ पडून राहिले. आज ही गोष्ट सांगणारा पडून राहिलेल्या नांगरांवरून झपाट्याने पुढे सरकतो. मला मात्र तेथेच थांबून विचारावेसे वाटते की त्या काळात कारागिरांची मजुरी कोठून निघाली, लोखंडाचे पैसे कोणी थांबवून धरले असतील? पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलचा माळ दिला, कर्ज दिले, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांची थोरवी याने तसूभरही कमी होत नाही. उलट कोणाच्या भरवशावर कोण उभे राहिले हे कळल्याने ती मनुष्याच्या आवाक्यात येते.

2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारने स्टार्टअप इंडिया योजना सुरू केली, त्यानंतर दूरचित्रवाणीवर गुंतवणूकदारांसमोर काही मिनिटांत व्यवहार ठरवण्याचे कार्यक्रम आले, आणि आमच्याकडची मुलेही मूल्यांकनाच्या कोटींची भाषा बोलू लागली. 2022 साली 22 अब्ज डॉलर मूल्यांकन झालेली बायजूज ही कंपनी 2024 साली दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली, हेही ती मुले जाणतात. तरी पहिली बातमी भिंतीवर लागते आणि दुसरी लागत नाही. उद्योग करावा ही त्यांची इच्छा मला मनापासून प्रिय आहे. नोकरीसाठी वाडी सोडणाऱ्यांच्या या काळात गावातच चार माणसांना काम देण्याचे मनात आणणारा तरुण मला आदरणीय वाटतो, आणि म्हणूनच त्याच्यापासून वह्या लपवल्या जाव्यात हे मला सोसवत नाही.

मध्यंतरी कुरुंदवाडचा एक पदवीधर मुलगा कवठाची बर्फी बाहेरगावी पाठवण्याचा मनसुबा घेऊन आला. त्याच्याजवळ संगणकावर केलेला सुबक आराखडा होता आणि त्यात पाच वर्षांची विक्री मांडलेली होती. कवठे वर्षातून थोडे महिनेच मिळतात, तेव्हा त्या हंगामात गर साठवून ठेवण्याचा खर्च कोठे धरला आहे, असे मी विचारले; तो त्याने धरला होता, मुलगा हुशार आहे. मग मी खतावणीतले 2019 चे पान त्याच्यापुढे उघडले आणि डाव्या बाजूस गवळ्यांची देणी, उजव्या बाजूस शहरातली येणी, व दोहोंच्या तारखांमधले अंतर त्याला बोट ठेवून दाखवले. तो बराच वेळ वाचत बसला, नंतर त्याने विचारले, “काका, हे गवळी थांबले नसते तर?” मी म्हटले, “तर दुकान राहिले असते, शीतपेट्या विकाव्या लागल्या असत्या.”

शहरातल्या दुकानदारांना मी आता पहिल्या खेपेचे पैसे आल्याशिवाय तिसरी खेप पाठवत नाही. त्यामुळे विक्री घटली आहे, आणि गवळ्यांचे बिल दहाव्या दिवशी निघते. त्या मुलाला मी सांगितले आहे की कवठे देणाऱ्या शेतकऱ्यांना आणि साखरेच्या व्यापाऱ्याला भेटून, कोण किती दिवस थांबेल ते त्यांच्याच तोंडून ऐकून, तारखांसह कागदावर उतरवून आण. कर्जाच्या दरखास्तीवर जामीन म्हणून सही करायची की नाही, ते मी तो कागद पाहून ठरवीन.